कलेस राजाश्रय असावा काय?

गेल्या चैत्रांतील गोष्ट आहे. दुपारचीं जेवणें आटोपून आम्ही घरचीं माणसें ओटीवर बसलों होतों. इतक्यांत एक म्हातारा अंगणांतून येऊन पायरीपाशीं उभा राहिला. शहापूर तालुक्यांतील आमच्या गांवापासून दोन कोसांवर वारली लोकांचा एक पाडा आहे. तेथला हा राहणारा. त्याच्या दोन मुलांना मीं चौथीपर्यंत शिकविलें आहे, त्यामुळें ओळख जुनी. त्याच्या काखेंत फडक्यांत गुंडाळलेली एक लांबट वस्तु होती व हातांत कागदांची एक प्लॅस्टिकची पिशवी. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, येवढा फारम भरून द्या. कचेरींत म्हणतात, पुरावा लावा."

फॉर्म मानधनाचा होता. वृद्ध साहित्यिक व कलावंत यांस दरमहा कांहीं रक्कम देण्याची सरकारी योजना १९५४-५५ सालापासून चालत आलेली आहे. अलीकडे तिला राजर्षि शाहू महाराजांचें नांव जोडण्यांत आलें, आणि २०२४ पासून मानधनाची रक्कम सर्वांस सारखी, दरमहा ५००० रुपये, अशी ठरली. म्हाताऱ्याच्या फडक्यांतील वस्तु म्हणजे तारपा. वाळलेल्या दुध्या भोपळ्यांत बांबूच्या दोन नळ्या बसवावयाच्या, सांधे मेणानें बुजवावयाचे, पुढें ताडाच्या पानांचा कर्णा लावावयाचा, कीं झाला तारपा. त्यांत फुंकलेला श्वास मध्यें तुटूं न देतां घटका घटका वाजवीत राहणें हें मात्र जन्मभराच्या सरावाचें काम आहे. हा गृहस्थ तें पन्नास वर्षें करीत आला आहे.

कचेरींत पुरावा मागितला, तेव्हां त्यानें तारपाच नेऊन दाखविला होता. तेथल्या माणसानें त्याला समजावून सांगितलें कीं, वाद्य हा पुरावा होत नाहीं; कार्यक्रमांचीं प्रशस्तिपत्रें, वर्तमानपत्रांतील कात्रणें, रंगमंचावरचीं छायाचित्रें असें कांहीं जोडावयास हवें. "गुरुजी, वाजवायचं तें पाड्यावर," म्हातारा मला म्हणाला, "तिथं पेपरवाला कशाला येईल?" या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दोन दिवसांनीं येण्यास सांगून मीं कागद ठेवून घेतले.

आमच्या एकत्र कुटुंबांत एखादा विषय ओटीवर आला, म्हणजे त्याचा खल झाल्यावांचून राहत नाहीं. माझा पुतण्या ठाण्यास एका पेढींत हिशेबतपासनिसाचें काम करतो. रोज पहाटे आसनगांवची गाडी पकडणारा, आंकड्यांत वावरणारा हा तरुण मनानें कठोर नाहीं. पण पैशाची गोष्ट निघाली कीं तो हिशेबाच्या वहीबाहेर पाऊल टाकीत नाहीं. तो म्हणाला, "काका, या आजोबांना पांच हजार मिळाले तर मला आनंदच आहे. पण ते गरीब आहेत, वृद्ध आहेत, म्हणून द्यावेत. कलावंत म्हणून सरकारनें कां द्यावेत? ज्याची कला लोकांना हवी आहे, त्याला लोक देतील. नको असेल, तर लोकांच्या करांतून ती विकत घेण्याचा अधिकार सरकारला कोणीं दिला?"

प्रश्न बिनतोड होता. माझें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. अर्थशास्त्र मला ठाऊक आहे तें कौटिल्याचें. तथापि वादाच्या प्रसंगीं आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं घालून दिलेला शिरस्ता मला अजूनहि उत्तम वाटतो. आधीं पूर्वपक्ष मांडावा, आणि तो प्रतिपक्षानें स्वतः मांडला असता त्याहून बळकट करून मांडावा, मग उत्तरपक्ष, आणि शेवटीं सिद्धान्त. त्याच क्रमानें हा विषय वाचकांपुढें ठेवीत आहें.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा गरजेचा. शहापूर तालुका म्हणजे मुंबईची पाणपोई. तानसा तलाव १८९२ सालीं पुरा झाला. पुढें भातसा धरण झालें. या पाण्यावर मुंबईचीं घरें चालतात. पण ज्या डोंगरांवरचा पाऊस या तलावांत उतरतो, त्याच डोंगरांतील कित्येक पाड्यांना वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. बायका डोक्यावर हंडे घेऊन अर्धा अर्धा कोस चालत असतांना सरकारनें नाट्यगृहें बांधावीं, महोत्सव भरवावे, हें कोणत्या न्यायांत बसतें?

दुसरा मुद्दा सक्तीचा. कर म्हणजे देणगी नव्हे. तो नाहीं म्हणतां येत नाहीं. आमचा तारपावाला साबणाची वडी किंवा काडेपेटी घेतो तेव्हां त्याच्याकडूनहि कर घेतला जातो. त्या पैशांतून शहरांत ज्या गाण्याच्या बैठकी होतात, त्या सभागृहाची पायरीहि तो कधीं चढणार नाहीं. म्हणजे गरिबाच्या खिशांतून घेऊन सुखवस्तूच्या करमणुकीवर खर्च, असा याचा अर्थ झाला.

तिसरा मुद्दा लोकाश्रयाचा. मुरबाड तालुक्यांतील म्हसे येथें पौषी पौर्णिमेस मोठी जत्रा भरते. बैलांचा बाजार होतो, घोंगड्या विकल्या जातात, तमाशाचे फड उतरतात. शेतकरी आपल्या घामाचा पैसा काढून तिकीट घेतो व पहांटेपर्यंत बसतो. तेथें कोणी अनुदानाची वाट पाहत नाहीं. ज्या कलेस रसिक आहे ती जगते. जिला रसिक नाहीं तिला सरकारनें किती दिवस टेकू द्यावा?

चौथा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, तो स्वातंत्र्याचा. अन्न घालणाऱ्याचा हात एक ना एक दिवस तोंडावर येतो. याचा दाखला फार जुना नाहीं. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या तुरुंगांतील आठवणींच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद अनघा लेले यांनीं केला. त्यास महाराष्ट्र सरकारचा अनुवादाचा पुरस्कार जाहीर झाला, आणि डिसेंबर २०२२ मध्यें सरकारनें तो रद्द करून निवडसमितिहि मोडून टाकली. निषेधार्थ राज्य साहित्य संस्कृति मंडळांतील कांहीं सदस्यांनीं राजीनामे दिले व कांहीं लेखकांनीं आपले पुरस्कार नाकारले. ग्रंथांतील विचार वाचकास पटोत वा न पटोत. निवड ज्यांच्यावर सोंपविली त्यांचा निर्णय पैसे देणाऱ्यानें फिरविला, हें नाकारतां येत नाहीं. मनाला लागणारी गोष्ट अशी, कीं हा पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नांवाचा होता, आणि १९६० सालीं स्थापन झालेल्या त्या मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच होते.

इतका पूर्वपक्ष मांडल्यावर आमच्या वहिनी, ज्या तोंवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या, सूप खालीं ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही छत्तीस वर्षं शाळा चालवलीत. टँकर आला नाहीं म्हणून कधीं शाळेला कुलूप लावलंत का?" एवढेंच बोलून त्यांनीं सूप पुन्हां उचललें. उत्तरपक्षाचें दार त्या एका वाक्यानें उघडलें, असें म्हटलें पाहिजे.

कौटिल्यानें या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपल्या ग्रंथांत नोंदविल्या आहेत. नव्यानें वसविलेल्या गांवांत करमणुकीचीं गृहें नसावीं, आणि नट, नर्तक, गायक, वादक यांनीं तेथील कामाचा खोळंबा करूं नये, असें तो एके ठिकाणीं स्पष्ट सांगतो. पण राजसेवकांच्या वेतनांचें कोष्टक देतांना त्याच ग्रंथकारानें कुशीलवांस, म्हणजे नटगायकांस, २५० पण व तूर्य वाजविणारांस त्याच्या दुप्पट वेतन ठरविलें आहे. वरवर पाहतां हा विरोध दिसेल. पण विचार केला असतां ही केवळ क्रमाची गोष्ट आहे, हें ध्यानीं येईल. ज्या भूमींत अजून नांगर लागला नाहीं तेथें आधीं नांगर; राज्य स्थिर झाल्यावर कलावंताचाहि वांटा. गंमत अशी, कीं हा नियम आमच्या तारपावाल्यास कौटिल्य न वाचतां ठाऊक आहे. भाताचा दाणा भरल्यावांचून तारपा वाजत नाहीं. लावणीच्या दिवसांत तो आढ्याला टांगलेला असतो. नवें भात आलें कीं खालीं उतरतो. पण आढ्याला टांगलेला असला तरी तो फुटूं न देतां सांभाळावा लागतो, आणि वाजविण्याची विद्या मधल्या महिन्यांत विसरून चालत नाहीं. पाणी आधीं, हें मान्य. पाणी मिळेपर्यंत तारपा फेंकून द्यावा, हें मात्र त्यांतून निघत नाहीं. सर्व गरजा भागल्यानंतरच कलेकडे वळावयाचें ठरविलें, तर तो मुहूर्त कोणत्याहि देशाच्या पंचांगांत सांपडणार नाहीं.

आतां सक्तीच्या मुद्द्याकडे वळूं. येथें या मासिकाच्या वाचकांची क्षमा मागून थोडें घरचें बोलावयाचें आहे. मुरबाडहून माळशेजच्या बाजूस जातांना वैशाखरे गांवाजवळून नाणेघाटाची चढण लागते. माथ्यावरच्या लेण्यांत सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. कोणकोणते यज्ञ झाले व त्यांत दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले, याची ती यादी आहे. बाहेर एक मोठा दगडी रांजण आहे. घाटानें जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेऊन ती यांत टाकीत, असें लोक सांगतात. रांजणाची कथा खरी असो वा नसो, तो रांजण आणि तो लेख शेजारीं शेजारीं पाहिले म्हणजे मनांत एक विचार आल्यावांचून राहत नाहीं. बैलाच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढणाऱ्या माणसाचा पैसा आणि वेद म्हणणाऱ्याची दक्षिणा यांचा संबंध आजचा नाहीं.

पुढें पुण्यास पेशव्यांनीं श्रावणमासांतील दक्षिणा चालविली. देशोदेशींचे शास्त्री जमत, परीक्षा होत, रमण्यांत दक्षिणा वांटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनींहि ती एकदम बंद केली नाहीं. तिच्याच आधारावर १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. मग १८४९ च्या सुमारास पुण्यांतील कांहीं सुधारकांनीं सरकाराकडे अर्ज केला, कीं या निधीचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा. लोकहितवादी त्यांत होते. जोतीराव फुले त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. जुन्या मंडळींनीं मोठा गिल्ला केला. अखेर १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं, आणि मराठी गद्याच्या बाल्यावस्थेंत त्या बक्षिसांनीं दाईचें काम केलें.

हें सांगण्याचें कारण इतकेंच. ज्या घरांतून पाठांतर, व्याकरण, न्याय, काव्य यांची परंपरा पिढ्यान्पिढ्या चालली, तीं घरें, माझें धरून, सार्वजनिक तिजोरीवर वाढलेलीं आहेत. आमच्या पूर्वजांनीं कोणाच्या करांतून दक्षिणा येते हें विचारलें नाहीं, व ती घेतांना आपण भिक्षा घेत आहों असेंहि त्यांस वाटलें नाहीं. विद्या टिकली तर सर्वांची, हा त्यामागचा समज होता. तो समज चुकीचा नव्हता. अपुरा होता, कारण 'विद्या' या शब्दांत तारपा धरलेला नव्हता. आज तारपावाल्याच्या वेळीं मात्र आम्हांस करदात्याच्या सक्तीची आठवण व्हावी, हें शोभत नाहीं. पुतण्याला मीं हें सांगितलें तेव्हां तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, पूर्वीं चुकून घेतलं, म्हणून आतां चुकून द्यावं, हा कांहीं युक्तिवाद नव्हे." त्याचें म्हणणें बरोबर आहे. म्हणून पुढें जाणें भाग आहे.

लोकाश्रय सर्व कांहीं तारतो, या मुद्द्यास आमच्या रंगभूमीचा इतिहासच उत्तर देतो, आणि तें उत्तर दोन्हीं बाजूंना थोडें थोडें अनुकूल आहे. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' नाटक केलें तें सांगलीच्या अधिपतींच्या, चिंतामणराव पटवर्धनांच्या, आश्रयानें. पहिलें बीं रुजलें तें राजाश्रयाच्या वाफ्यांत. १८५१ त चिंतामणराव वारले, दरबारचा आधार सुटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गांवोगांव हिंडावें लागलें. १८५३ त ते मुंबईस आले. तिकीट लावून नाटक होऊं लागलें. पुढें १८८० त अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, आणि नंतरचीं पन्नास वर्षें संगीत नाटक तिकिटावरच जगलें. येथवर माझ्या पुतण्याचा पक्ष खरा. पण १९३१ सालीं बोलपट आला, १९३२ त 'अयोध्येचा राजा' आला, आणि पाहतां पाहतां एकामागून एक नाटक मंडळ्या बुडाल्या. ज्या लोकांनीं बालगंधर्वांना डोक्यावर घेतलें, तेच लोक दोन आण्यांच्या खुर्चीकडे वळले. यांत लोकांचा दोष नाहीं. बाजार आजची आवड मोजतो. उद्यांसाठीं काय सांभाळून ठेवावें, हें पाहणें त्याचें कामच नव्हे. १९५४ सालीं राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली, ती गांवोगांवच्या हौशी मंडळींना एक निमित्त देण्यासाठीं. तिला लागणारा पैसा एखाद्या पुलाच्या खर्चापुढें नगण्य. पण तिच्यामुळें तालुक्याच्या गांवींहि मराठी नाटक बसविलें जात राहिलें.

राजाश्रय थोडा आणि योग्य जागीं पडला तर काय होतें, याचें उदाहरण वारल्यांचेंच आहे. लग्नाच्या वेळीं घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें देवीचा चौक लिहावयाचा, ही सुवासिनींची रीत. १९७० नंतरच्या वर्षांत केंद्र सरकारच्या हस्तकला खात्याच्या वतीनें भास्कर कुलकर्णी नांवाचे चित्रकार डहाणूकडील पाड्यांवर आले. तो भाग तेव्हां आमच्या ठाणे जिल्ह्यांतच होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत गेला. त्यांनीं लोकांना कागद व रंग दिले. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनीं त्या कागदावर जें काढलें तें पुढें जगानें पाहिलें. १९७६ त त्यांना राष्ट्रीय पारितोषिक व २०११ त पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. सरकारचा प्रारंभींचा खर्च तो काय? कागद, रंग आणि एका जाणत्या माणसाचा प्रवास. त्यावर आज कित्येक घरांची चूल पेटते. मात्र दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जी कला बायकांच्या हातीं होती ती विकूं लागतांच बव्हंशीं पुरुषांच्या हातीं गेली, आणि लग्नाच्या भिंतीवरून ती बाजाराच्या कपबशीवर उतरली. आश्रयानें कला जगते, तशी ती बदलतेहि. हें देणारानें जाणून द्यावें.

राहिला स्वातंत्र्याचा मुद्दा. यास पूर्ण उत्तर माझ्यापाशीं नाहीं, आणि कोणापाशीं आहे असेंहि मला वाटत नाहीं. इंग्लंडांत १९४६ सालीं आर्ट्स कौन्सिल स्थापन झाली. तिची कल्पना मुख्यतः केन्स या प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञाची. पैसा सरकारनें द्यावा, पण तो कोणास द्यावयाचा हें सरकारनें ठरवूं नये. त्यासाठीं स्वतंत्र मंडळ असावें, असें तिचें सूत्र. आपल्याकडे १९५३ सालीं संगीत नाटक अकादमी व १९५४ त साहित्य अकादमी स्थापन झाल्या, त्याहि अशाच स्वायत्ततेच्या भाषेंत. सूत्र चांगलें आहे. पण सूत्र पाळणारीं माणसें नसतील तर २०२२ सालासारखें घडतें. तरीहि त्यावर उपाय म्हणून आश्रयच बंद करावा, हें मला पटत नाहीं. परीक्षकावर दडपण येतें म्हणून आम्ही परीक्षा बंद करीत नाहीं; उत्तरपत्रिका कोणाच्या हातीं द्यावयाची याची काळजी घेतों. शिवाय धनिकांच्या आश्रयांत दडपण नसतें, असें थोडेंच आहे? तेथें तर जाब विचारण्यासहि जागा नाहीं. सरकारनें पुरस्कार मागें घेतला तर निदान राजीनामे देतां येतात, वर्तमानपत्रांत लिहितां येतें.

आतां सिद्धान्त. माझ्या अल्पमतीप्रमाणें तो असा. कलेस सार्वजनिक पैसा द्यावा. पण पुतण्याच्या आक्षेपांनीं त्यास चार कुंपणें घालावीं. पहिलें कुंपण क्रमाचें: पाणी, दवाखाना व शाळा यांच्या तोंडचा घास काढून नव्हे, तर त्यांच्यामागून, थोडा पण दरवर्षीं नेमानें द्यावा. दुसरें: तो समारंभावर खर्चूं नये. शाल, श्रीफळ, मंडप, दिवे, पाहुण्यांचीं वाहनें यांत कलेच्या नांवाखालीं जो पैसा जातो, तो कलेला पोंचत नाहीं. पैसा शिकणारावर, शिकविणारावर व साधनांवर जावा. तिसरें: निवड त्या कलेच्या जाणकारांनीं ठरावीक मुदतीसाठीं करावी, कारणें प्रसिद्ध करावीं, व एकदां केलेली निवड सरकारनें फिरवूं नये. आणि चौथें, जें मला त्या दुपारीं शिकावयास मिळालें: पुरावा कलेच्या जातीप्रमाणें मागावा. ज्या कलेस रंगमंच नाहीं, प्रेक्षक नाहींत, जिच्यांत नाचणारे व ऐकणारे एकच आहेत, तिच्याकडून तिकिटाचें अर्धुक मागणें म्हणजे नदीकडून नळाची पावती मागण्यासारखें आहे. तेथें पाड्याची साक्ष हाच पुरावा. ती न घेतली, तर मानधन त्यांनाच मिळेल ज्यांना कात्रणें जपून ठेवण्याची कला साधली आहे. आणि मग गरिबाचा कर सुखवस्तूंच्या कामीं येतो, हा पूर्वपक्षाचा आरोप खरा ठरेल.

येथें आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून लेखणी खालीं ठेववत नाहीं. सरकारनें काय करावें हें आपण तावातावानें बोलतों. पण आपल्या घरांत मुंजीस, लग्नास सनईचौघड्याची ध्वनिमुद्रिका लावून काम भागवितों, आणि गुरव किंवा वाजंत्री यांस दिला जाणारा मान वांचवितों. राजाश्रय आणि लोकाश्रय यांच्यामध्यें एक गृहाश्रय म्हणून पूर्वीं होता. तो आपण हातानें सोडला, आणि त्याचा सगळा भार सरकारावर टाकला. तो थोडा जरी परत उचलला, तरी सरकारी अनुदानाच्या अर्ध्या तक्रारी कमी होतील.

ठरल्याप्रमाणें दोन दिवसांनीं म्हातारा आला. मीं फॉर्म भरला होता, पण पुराव्याच्या रकान्यापाशीं अडलों होतों. तो दिवस रविवारचा. पुतण्या आंतून आला, चपला घालूं लागला, आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "चला आजोबा, पाड्यावर जाऊं." सुगी संपून गेलेली, अवेळीं तारपा वाजवावयास म्हातारा राजी होईना. अखेर पाड्यावरच्या जाणत्या मंडळींनीं विचार करून परवानगी दिली, ती फक्त वाजवून दाखविण्यापुरती. नाच व्हावयाचा नाहीं, अशी अट घातली. पुतण्यानें आपल्या मोबाइलवर तें चलच्चित्र घेतलें. पाड्यांतील एकोणीस जणांनीं, कोणीं सही करून, कोणीं अंगठा उठवून, हा मनुष्य आमचा तारपा वाजवितो असें लिहून दिलें. रात्रीं पुतण्यानें ते कागद क्रमानें लावले, प्रत्येकावर आंकडा घातला, आणि हिशेबतपासनिसास साजेशी एक सूचि वर जोडली.

"यावरून माझं मत बदललं असं समजूं नका हं, काका," गठ्ठा माझ्या हातीं देतांना तो म्हणाला. "योजना आहे, तर ती ज्याच्यासाठीं आहे त्याला मिळावी, एवढंच."

अर्ज गेला आहे. निकाल अजून आलेला नाहीं. पुतण्याचें मत बदललें नाहीं, आणि माझेंहि नाहीं. परंतु त्या रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें तें चलच्चित्र ओटीवर सर्वांना ऐकविलें. वहिनींनीं तें दोनदां लावावयास सांगितलें; आमची सात वर्षांची नात तर मध्येंच उठून त्या सुरावर गोल फिरूं लागली. तिला पुढच्या सुगींत पाड्यावर न्यावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे. जातांना नवें धोतर, नारळ आणि घरचे तांदूळ बरोबर न्यावयाचे. सरकारचें मानधन त्याला मिळो वा न मिळो. आमच्या घराकडून दक्षिणा राहिली होती, ती आतां द्यावयाची आहे.